हिरवं पाकीट कुणी खाल्लं?

तैवानमधल्या तायचुंगच्या चाचणीघरात यिंग-रू शिरली आणि थबकलीच. हादरे देऊन वस्तू तपासणाऱ्या थरथरत्या टेबलाचा राखणदार काय-वेन तोंडात बोकाणा भरून उभा होता... आणि टेबलावरचं मक्याच्या खाऊचं हिरवं, शकुनाचं पाकीट रिकामं!

"यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवलेलं पाकीट — खाल्लंत?"

"मुदत काल संपली हो," तो घास गिळत म्हणाला. "शिळं ठेवलं की यंत्र रुसतं. नवीन आणणारच होतो..."

"आज रुसलं ना, तर तुमची खैर नाही!"

टेबलावरच्या पेटीत तिने जीव ओतून बनवलेलं सर्किट होतं. त्यातला इवलासा मायक्रोकंट्रोलर म्हणजे विजेच्या स्कूटरचा मेंदू. कितीही हादरे बसोत, त्याने शुद्धीवर राहायचं. आज शेवटची फेरी. पास झाली की तिचं पहिलं काम रस्त्यावर धावणार होतं. आणि इथे यायचं कारणही संपणार होतं... सकाळपासून तिच्या जिवाला चैन नव्हती.

टेबल थरथरू लागलं. पडद्यावरची रेषा सरळ... सरळ... आणि तुटली! मेंदूने मान टाकली, क्षणभराने पुन्हा जागा झाला.

"मुद्दाम केलंत!" तिचा आवाज चिरकला. "मी उद्याही यावं म्हणून!"

काय-वेनचे कान लाल झाले. "यावं असं वाटतं, हे खरंय. रोज वाटतं. म्हणूनच माझ्या शब्दावर जाऊ नका — स्वतः बघा."

तिने वाकून पाहिलं. पेटीतून निघालेल्या वायरींचं जुडगं हवेत फडफडत प्लगला हिसके देत होतं. आजवर त्याच जुडग्याखाली ते फुगीर पाकीट उशीसारखं बसलेलं असायचं. म्हणजे इतके दिवस तिचं काम पास होत होतं ते खाऊच्या जिवावर!

"नवं पाकीट आणून ठेवलं तर..." तिने ओठ चावला. "पास होईल?"

"होईल."

"आणि रस्त्यावर?"

"स्कूटर मध्येच बंद पडेल. मागून ट्रक नसला म्हणजे झालं."

यिंग-रू बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिली. मग तिने फोन लावला. "सर, नापास. चूक माझीच आहे, वायरी नीट बांधल्याच नव्हत्या." पलीकडून जे बरसलं, ते तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा डोळे भरून आले होते.

काय-वेनने रुमाल पुढे केला.

"आता पुन्हा रोज यावं लागणार," ती नाक ओढत म्हणाली. "झालं ना मनासारखं?"

"तुम्ही रडताय. कसलं मनासारखं?"

"मग जेवायला तरी न्या कुठेतरी."

"आमच्या घरी? आई..."

"अहो, एकदम आईकडेच?"

"ती रोज विचारते..." तो चाचरला, "ती मुलगी आज हसली का म्हणून."

यिंग-रूला रडता रडता हसू फुटलं.

"तुम्ही नका सांगू," तिने पर्स उचलली. "मीच सांगते त्यांना — तुमच्या मुलानेच रडवलं, त्यानेच हसवलं, आणि तरीही मला तो आवडतो. चला, भूक लागलीय."