उलटी लोंबी

हर्षाने स्कूटी थांबवली, हेल्मेटसकट खाली उतरली आणि भिलाईच्या सेक्टर सहामधल्या एका क्वार्टरच्या गेटचा फोटो काढला. मग जवळ जाऊन गेट वितीने मोजू लागली. तेवढ्यात आतून आवाज आला.

"मॅडम, हे गेट निघते बरं. नटबोल्टचं आहे. बाबा रिटायर झाले का आमी घेऊन जाऊ. नोटीस नका लावू."

दारात एक उंच तरुण उभा होता. हातात ओला टॉवेल, कपाळावर काळजी. क्वार्टर कंपनीचं, त्याला आपलं काही जोडलं की कधीतरी कुणी मोजायला येणार, ही धास्ती इथे घरोघरी. हर्षाला हसू आवरेना.

"मी कंपनीची नाही. डिझाइनर आहे. वैशाली नगरात राहते. तुमचं गेट मले आवडलं म्हणून..."

"गेट?" त्याने गेटकडे असं पाहिलं, की जणू ते आजच बसवलं होतं.

आवडण्यासारखंच होतं ते. त्यात सळयांच्या पाच लोंब्या होत्या, दाण्यांनी भरलेल्या धानाच्या. आणि हर्षाचं घोडं नेमकं तांदळावर अडलं होतं. पुण्याच्या एका स्टुडिओने नोकरी देण्याआधी तांदळाच्या पाकिटाचं डिझाइन मागितलं होतं. तिने पाठवलेली सगळी परत आली. 'कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं,' असा शेरा. तो खोटाही नव्हता. दिवसभर मोबाइलवर जगभरची डिझाइनं पाहायची, की हातातून तेच उतरणार. आता शुक्रवारी शेवटची संधी होती.

"चार लोंब्या उजवीकडे, ही एक डावीकडे... मुद्दाम?"

"चुकून," तो लाजला. "आयटीआयत नवा होतो तवा. आईनं अंगणात रांगोळी काढून देल्ली, गावच्या धानाची. मी सळई वाकवली, उलटी. तोडून राहिलो होतो, तर आई म्हणे, राहू दे. शेताच्या बांधीत सारा धान एकाच बाजूनं कुठं झुकते?"

त्याचं नाव मोहित. स्टील प्लांटमध्ये वेल्डर. त्याची आई मथुराबाई चहाचे कप घेऊन बाहेरच आल्या, मग हर्षाला बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती एक माप राहिलं म्हणून आली. तिसऱ्या दिवशी माप चुकलं म्हणून. मोहितला हिशेब कळत होता, पण तोही बिचारा दर वेळी टेप घेऊन तयार असायचा. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या... आणि मधलं गेट कुणीच पाहत नव्हतं.

गुरुवारी तिने लॅपटॉप उघडून पाकीट दाखवलं. पाचही लोंब्या उजवीकडे, एकसारख्या, नेटक्या.

"मस्त आहे," मोहित म्हणाला.

"पण?"

"पण... हे आमचं गेट नाही ना."

हर्षा फुरंगटून निघून गेली. घरी जाऊन तिने पाचवी लोंबी डावीकडे फिरवली आणि पाकिटात एकदम जीव आला. रागावायलाही मग जागा उरली नाही.

शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर स्टुडिओचे प्रमुख खूश होते. "सुरेख. फक्त मागच्या बाजूला लिहू, बस्तरच्या प्राचीन आदिवासी कलेवरून. लोकांना आवडतं असं."

हो म्हटलं की नोकरी हातात होती.

"नाही सर. हे भिलाईतल्या एका क्वार्टरच्या गेटवरून घेतलंय. रांगोळी मथुराबाईंची, लोखंडकाम मोहितचं. हे लिहिणार असाल तर डिझाइन तुमचं."

"बघतो," ते म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

संध्याकाळी तिने हे गेटपाशीच मोहितला सांगितलं. तो घाबरलाच.

"काहून म्हटलं असं? नोकरी गेली तर? आमचं नाव नसतं आलं तरी चाललं असतं."

"मले नसतं चाललं."

मोहितने तिच्याकडे पाहिलं ते टेप, माप असं कुठलंही निमित्त न घेता. हर्षानेही नजर काढून घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात नोकरीचं पत्र आलं, घरूनच काम करायचं. आणि थंडीत पाकिटं बाजारात आली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मथुराबाई, मोहित आणि हर्षा, तिघांची नावं. मोहितचे बाबा, तेजराम, निवृत्तीला आलेला अबोल माणूस. त्यांनी ते पाकीट पिशवीत न घालता हातात धरून अख्ख्या स्ट्रीटला दाखवलं. "आमच्या घरचं आहे," एवढंच म्हणायचे. मथुराबाईंनी नावावरून बोट फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी हर्षाला आपल्या गावाचा, आपल्या कामाचा इतका अभिमान वाटला, की तिलाही डोळे पुसावे लागले.

मार्चमध्ये तेजराम निवृत्त झाले. क्वार्टर सोडलं, गेट नटबोल्ट काढून वैशाली नगरच्या नव्या घरी आलं. तिथली वाट रुंद, ते एका झडपेसारखं एका बाजूला बसलं आणि अर्धी जागा तशीच उघडी राहिली. मोहितने हर्षाला बोलावून घेतलं.

"गेटचा एक पल्ला कमी पडून राहिला," तो म्हणाला. मग त्याने हातातला खडू पुढे केला. "दुसरा... तू काढून देशील? तुह्या-माह्या घराचा म्हणून."

आजवर तो तिला तुमी म्हणत आला होता. हर्षाने त्याच्या हातातला खडू घेतला, फरशीवर उकिडवी बसली आणि लोंब्या काढू लागली. एक, दोन... पाचही जुन्या पल्ल्याकडे झुकलेल्या.

"आई म्हणते, सारा धान एकाच बाजूनं झुकत नाही," मोहित हळूच म्हणाला.

"हा झुकते," हर्षा म्हणाली.