आठव्या टेबलाचा तुकडा

मी सुतार आहे. माझी बायको विद्यापीठात गणित शिकवायची. मी तिला मास्तरीण म्हणायचो, ती मला मिस्त्री. वर्षातून एकदा शाळेतल्या मुलांना विद्यापीठात बोलावून दिवसभर गणिताचे खेळ घ्यायचे, हा तिचा उद्योग. त्यासाठी लाकडी तुकडे कापून द्यायचे, हा माझा.

तिचा आवडता खेळ असा. शंभर घरांचा चौरस. पाच-पाच घरांचे तुकडे बसवून तो भरायचा. तुकडे लागतात वीस, पण ती प्रत्येक टेबलावर एकोणीसच ठेवायची. मुलं तासभर डोकेफोड करायची. मोजलं की लगेच कळतं, पण आधी कोणी मोजत नाही. शेवटी कुणीतरी मोजायचं आणि तिच्याकडे यायचं. "बाई, एक कमी आहे." "कशावरून?" ते सिद्ध करून मागितलं, की ती मूठ उघडून काडेपेटीएवढा तुकडा द्यायची. मागितल्याशिवाय नाही.

गेल्या वर्षी सात टेबलांना देऊन झालं आणि ती कोसळली. माझ्या कारखान्यात करवत चालू होती, फोन ऐकू आला नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. उजवी मूठ घट्ट मिटलेली, आत आठव्या टेबलाचा तुकडा; त्याचा टवका उडालेला कोपरा बोटांतून दिसत होता. "काढू का?" नर्सने विचारलं. मी म्हटलं, "राहू दे." तो तिच्याबरोबरच गेला. तिचा हात हातात घ्यायचा मात्र राहून गेला.

यंदा विभागप्रमुखांचा फोन आला. "तुकड्यांची पेटी घेऊन तुम्हीच या. तिच्या खुर्चीत बसा."

आठवा तुकडा मी नव्याने कापला. जुने तुकडे लालसर लाकडाचे. तसं लाकूड मिळालं नाही, त्यामुळे नवा फिकट दिसत होता. आठही तुकडे कोटाच्या खिशात टाकले आणि बटण लावलं.

दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. आठ टेबलं, लोखंडी खुर्च्या, मागे एक नीट न लागणारी खिडकी. ती सारखी खडखडत होती. पोरांचा नुसता कालवा.

"आजोबा, तुमचा खेळ गंडलाय," एक मुलगा येऊन म्हणाला.

"कशावरून?"

त्याने बोटांवर मोजून सांगितलं. मी तुकडा दिला.

"तुम्ही प्राध्यापक आहात?"

"नाही, सुतार."

"तरीच! तुमचं बोलणं समजतंय."

एकेक करत सात टेबलं येऊन गेली. खिडकीजवळच्या आठव्या टेबलावर चार मुली होत्या, त्या काही आल्या नाहीत. मीच उठून गेलो.

त्यांचा चौरस भरलेला होता.

मी खिसा चाचपला. फिकट तुकडा आतच होता.

चौरसातले वीसही तुकडे लालसर. एकाच्या कोपऱ्याला पटाशीचा टवका. तो माझ्याच हातून उडाला होता. तेव्हा ती म्हणाली होती, "मिस्त्री, म्हातारे झालात."

"हा कुणी दिला?"

"बाईंनी," चष्मेवाली म्हणाली.

"कोणत्या बाईंनी?"

"त्या काय, खिडकीशी बसल्या होत्या. आम्ही सिद्ध केलं, मग दिला."

दुसरी हळूच म्हणाली, "मूठ उघडायला त्यांना फार वेळ लागला."

मी तुकडा उचलला. कोमट होता.

"काही बोलल्या?"

"म्हणाल्या, मिस्त्रींनी अजून मागितलंच नाही." तिने चष्मा वर सारला. "आजोबा, मिस्त्री कोण?"

तीन वाजता मुलांच्या बसेस गेल्या. आवरून येतो असं विभागप्रमुखांना सांगून मी आठव्या टेबलाशी बसलो. कशावरून, हे ती विचारणारच. म्हणून आधीच सांगितलं.

"सकाळी चहा दोन कपांचा होतो. एक कप उरतो. रात्री मी अजून भिंतीकडच्याच बाजूला झोपतो. वर्षभर मोजून पाहिलं. एक कमी आहे, मास्तरीण."

हात टेबलावर उताणा ठेवला. डोळे मिटले.

"दे," म्हटलं.

खिडकीचा खडखडाट थांबला.

हात हातात आला. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा होता.

मी डोळे उघडले नाहीत. किती वेळ, ते मोजलं नाही.

"झालं का?" दारातून विभागप्रमुखांचा आवाज आला.

हातात काही नव्हतं. मी उठलो, पेटी भरली. आठ चौरस, प्रत्येकात वीस तुकडे. मग फिकट तुकडा वर ठेवावा म्हणून कोटाच्या खिशाकडे हात नेला.

बटण लावलेलं होतं. ते काढून आत पाहिलं. खिसा रिकामा होता.