कवडूचा डबा

“कोणी मानत नाई साहेब. अख्ख्या सक्करदऱ्यात एक माणूस मानत नाई,” बाबाराव सुपारी कातरता कातरता मोठ्या अभिमानानं म्हणाले. “तुम्हीही मानणार नाही. तरी सांगतो.”

वर्ध्याचे वकील मधुकरराव ओसरीवर चहा पीत होते. अंगणात काळी जग्वार उभी होती, छप्पन सालची. कालच्या दसऱ्याचा झेंडूचा हार अजून तिच्या नाकावर होता. किल्ली मधुकररावांच्या बशीशेजारी आली होती, म्हणजे व्यवहार झाल्यातच जमा.

बाबारावांचा जीव त्या किल्लीत होता. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मागच्या महिन्यात त्यांनी पोस्टाच्या पेटीला बाजूला हो म्हणून हॉर्न वाजवला, आणि ती हलेना, तेव्हा खाली उतरून तिला चार शब्द सुनावले. त्याच दिवशी कौशल्याबाईंनी निकाल दिला, दसऱ्याची पूजा झाली की गाडी विकायची. बाबारावांकडे आता एकच हत्यार उरलं होतं, गाडीची गोष्ट. त्या हत्यारानं त्यांनी याआधी नुसती बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं पळवली होती.

“गाडी भंडाऱ्याकडच्या मालगुजाराची,” त्यांनी सुरुवात केली. “मोठा जमीनदार, मागं बसून घोरे. चालवायचा कवडू. ठेंगणा माणूस, उशी घेऊन बसे. कवडू मेला अन् मालगुजारानं गाडी विकाले काढली. मी घेतली. सत्त्याहत्तर साली बायकोले म्हटलं, चाल, तुले समुद्र दाखवतो. नागपूरहून थेट कन्याकुमारी.”

दारात तांदूळ निवडत बसलेल्या कौशल्याबाईंनी मान वर केली नाही.

“निघताना हिनं डबे भरले तीन. माणसं दोन. हिचं माहेर रामटेकचं, तिथं गाडी हाकणाऱ्याचा डबा आधी भरतात, मग घरच्यांचा. म्हटलं, बाई, हाकणारा मीच हाओ. तर म्हणे, सवय आहे, राहू द्या.”

“मग?”

“पांढरकवड्यापर्यंत गाडी कशी, लोण्यावरून सुरी. सत्तर मैलाच्या खाली तिले करमतच नाई. आदिलाबादले मुक्काम केला. सकाळी पाहतो तर आरसा खाली वाकलेला. मी उंच माणूस, मले त्यात माह्या पोटाचं बटण दिसून राहिलं. सरळ केला. दहा मैलावर पुन्हा तसाच.”

मधुकररावांनी हसून बिस्कीट बुडवलं.

“निर्मलच्या घाटात वळण यायच्या आधी हॉर्न वाजे. माहा हात गिअरवर. काचा बंद, अन् आत बिडीचा वास. स्टिअरिंग धरलं तर माह्या हाताखाली गरम लागे, जसं आत्ताच कोणी सोडलं.”

इथवर गोष्ट नेहमीच्या रस्त्यानं जात असे. निर्मलच्या पुढचं मात्र बाबारावांना नीट आठवत नसे. घाटातच त्यांना हिवताप भरला होता. पांढरं ऊन, सपाट रस्ता, कपाळावर ओला पदर, एवढंच. मधली जागा ते दरवेळी हाताला येईल त्या मालानं भरत. गावात सांगताना त्यात वाघ येई. वकिलासाठी त्यांनी पूल घेतला.

“कर्नूलच्या अलीकडे भर दुपारी माहा डोळा लागला. अंगात ताप. उघडला तं गाडी उभी. समोर पूल वाहून गेलेला. अन् हँडब्रेक वढलेला, साहेब. मी नाई वढला.”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

मधुकररावांनी कप खाली ठेवला. “छान सांगता. तापात माणूस काय काय करतो, त्याला आठवत नाही.” त्यांनी किल्ली उचलली. “उद्या माझा ड्रायव्हर येईल, घेऊन जाईल.”

बाबाराव गाडीकडे बघत राहिले. डोळ्यांना आता फक्त काळा आकार अन् केशरी हार दिसत होता.

“तो कुठं बसन?” कौशल्याबाईंनी विचारलं.

“कोण?”

“तुमचा ड्रायव्हर.”

मधुकरराव हसले. बाबारावही हसले, जरा उशिरानं. बायको आपल्या बाजूनं आली, याचाच त्यांना गहिवर. “पाहा, ही पण सांगून राहिली. हजार मैल मी एकट्यानं—”

“खोटं नका बोलू.”

कौशल्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

“निर्मलपासून तुम्ही मागं होते. माह्या मांडीवर डोकं ठेवून. तीन दिवस. मी पदर भिजवून कपाळावर ठेवत होती.”

“काहून गंमत करतं वं कौशल्या. मग गाडी कोणी…”

“तुम्ही बरे झाले अन् सांगत सुटले, मीच चालवली, मीच चालवली. इतके खूश होते. कशाले बोलू मी.”

मधुकररावांनी किल्ली पुन्हा बशीशेजारी ठेवली होती. तिचा आवाजही झाला नाही.

“आपल्याले सुखरूप समुद्रावर नेलं त्यानं. मी समोर पायलं नाई. पोळीभाजीचा डबा तेवढा सीटवरून पुढं देत होती,” कौशल्याबाई म्हणाल्या. “घासून परत येत होता.”