काळ्या कुरड्यांचा तपास

"तुमीच बिनधुतले हात लावले असतील! नाईतर माह्या कुरड्या अशा काळ्या काऊन झाल्या?"

ठमाबाईंचा आवाज असा की गल्लीत झोपलेली कुत्री उठून बसली. गच्चीवर खुशबू, हेमराज आणि पिंकी माना खाली घालून उभे होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोहबोडी गावच्या पोरांना एक काम ठरलेलं असतं, वाळवण राखायचं. बायका गव्हाचा चीक शिजवतात, साच्यातून कुरड्या पाडतात आणि धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर गच्चीत वाळत घालतात. पाखरं हाकलायची पोरांनी. मजुरी म्हणून वाटीभर गरम चीक मिळतो. एखादी अर्धवट वाळलेली कुरडई पोटात गेली तर तिकडे मोठी माणसं कानाडोळा करतात. खाण्याचा आरोप पोरांनी हसत मान्य केला असता, पण काळं करण्याचा? तो काही गळी उतरेना.

"पण आमच्या घरच्या तर पांढऱ्याशुभ्र आहेत," पिंकी पुटपुटली. "चीक एकाच पातेल्यातला होता. आईनं आणि तुमीच तर मिळून केला."

हे ऐकून ठमाबाई आणखीच भडकल्या आणि तिघांना गच्चीवरून खाली हाकललं. खुशबूचे डोळे भरून आले होते, पण जिना उतरता उतरता ती थांबली. चीक एक, ऊन एक, राखणारे हातही तेच. मग एका घरच्या कुरड्या काळ्या आणि दुसऱ्या घरच्या पांढऱ्या, हे कसं?

तुम्ही म्हणाल, कुरड्यांचं काय एवढं! पण खुशबूच्या घरी धुळीचा विषय निघाला की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. तिचा धाकटा भाऊ राजदीप दुसरीत जाणार होता आणि त्याला दम लागायचा. गावाच्या रस्त्यावरून, पंचायतीच्या चौकातून आणि शाळेच्या गल्लीतून, खाणीचे कोळशाचे ट्रक जात, आणि ट्रक गेला की हा खोकून खोकून लालबुंद व्हायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोराला धुळीपासून लांब ठेवा. आता रस्त्यावरच घर असलेल्या माणसानं लांब म्हणजे कुठे जायचं? शेवटी आईनं, रीताबाईंनी, मन घट्ट केलं. त्यांची बहीण भामरागडला नर्स होती. राजदीपनं तिच्याकडे राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं. पावसाळ्यात तिकडचे रस्ते तुटतात, म्हणजे एकदा गेला की दिवाळीपर्यंत भेट नाही. आईनं त्याच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती आणि त्या पिशवीकडे बघायचं सगळेच टाळत होते.

एकच आशा उरली होती. कंपनीला खाण वाढवायची होती, म्हणजे ट्रकही वाढणार. त्याआधी गावात जनसुनावणी होती. जिल्ह्याचे अधिकारी येणार, लोकांचं म्हणणं ऐकणार. ट्रक गावाबाहेरून न्या, असं त्यांनी सांगितलं तर राजदीप घरीच राहिला असता. पण ग्रामपंचायतीच्या गच्चीवर हवेतली धूळ मोजणारं यंत्र होतं आणि खालच्या फलकावर रोज झळकायचं, 'हवा समाधानकारक'. फलकापुढे कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी खुशबूनं घरातलं एक जुनं धोतर मधोमध फाडलं. एक तुकडा ठमाबाईंच्या गच्चीवर, शाळेच्या गल्लीत. दुसरा पिंकीच्या गच्चीवर, ग्रामपंचायतीला लागून. दोन्ही ओले करून अंथरले आणि तिघं पाळीपाळीनं राखणीला बसले. ऊन उतरेपर्यंत शाळेच्या गल्लीतला तुकडा राखेसारखा करडा झाला. पिंकीकडचा होता तसाच.

हेमराजनं मात्र आणखी एक गोष्ट पाहिली होती. खाणीचा टँकर सारखा येऊन पंचायतीच्या चौकात पाणी मारायचा आणि तिथूनच मागे फिरायचा. शाळेच्या गल्लीत त्याचं चाकही वळलं नाही. हेमराज भीडभाड न ठेवणारा गडी. तो सरळ टँकर चालवणाऱ्या चैतूभाऊंकडे गेला आणि म्हणाला, आमच्याकडेही या की जरा. चैतूभाऊ हसून म्हणाले, "साहेबाचं सांगणं हाय, मशीनच्या आजूबाजूचा रस्ता ओला पाहिजे. तुमच्या गल्लीत कुठी मशीन हाय?"

एवढं बोलून ते निघून गेले. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"चल, वर चढू अन् मशीनवर टोपलंभर धूळ ओतू. मग मशीनच दाखवीन खरा आकडा," हेमराज म्हणाला.

"मग त्यायच्यात अन् आपल्यात काय फरक?" खुशबू म्हणाली. "ते पाणी मारून खोटं बोलून राह्यले, आपण धूळ ओतून बोलायचं?"

हेमराजनं पायाजवळचा दगड लाथाडला. त्याला राग आला होता, पण म्हणणं पटलंही होतं.

तिघांनी दोन्ही तुकडे पिंकीच्या आईला, कांताबाईंना दाखवले. त्या गावच्या सरपंच होत्या. तुकडे बघून त्यांचा चेहराच पडला. पण त्या म्हणाल्या की साहेब लोक मानणार नाहीत, पोरांनीच माखलं म्हणतील. ते तर खरंच होतं. गावातल्या ठमाबाईंनीच आधी तसं म्हटलं होतं! त्या रात्री खुशबूनं खूप विचार केला. आपल्यावर कोणी विश्वास ठेवावा असं मागायचंच कशाला? ज्यांना बघायचंय त्यांनी स्वतः करून बघावं.

सुनावणी शाळेच्या पटांगणात भरली. मांडव, कूलर, पाण्याच्या बाटल्या, सगळा थाट होता. जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी मॅडम मधोमध बसल्या होत्या. कंपनीच्या मॅनेजरांनी पडद्यावर हिरवी झाडं दाखवली, मग यंत्राचे आकडे दाखवले. गावातले दोघंतिघं उठून धुळीबद्दल बोलले. मॅनेजर दरवेळी पडद्यावरच्या आकड्यांकडे बोट दाखवत. मग कांताबाईंनी खुशबूचं नाव पुकारलं.

खुशबू हातात धोतर घेऊन पुढे आली. समोर आई राजदीपला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडे एकदा बघून खुशबू अधिकारी मॅडमना म्हणाली, "मॅडम, आमच्यावर विश्वास ठेवू नका. हे नवं धोतर आहे. तुमच्याच माणसांनी फाडावं, ओलं करावं. एक तुकडा मशीनजवळ अंथरावा, दुसरा शाळेच्या गल्लीत. राखणही त्यांचीच. सुनावणी संपली की दोन्ही इथं आणून सगळ्यांना दाखवा."

मॅनेजर हसले. मुलांचा सुट्टीतला उपक्रम छान आहे म्हणाले. अधिकारी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी धोतर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, आपल्या सहायकाला आणि एका शिपायाला बोलावलं आणि तुकडे देऊन दोन दिशांना पाठवलं.

मॅनेजर फोन कानाला लावून मांडवामागे गेले. हेमराजनं ते हेरलं आणि धावत आला. "टँकर बोलावून राह्यला तो! आता ती गल्लीही ओली करीन. गेलं सगळं!"

"बोलावू दे," खुशबू म्हणाली. "नाई आला तर धोतर काळं होईन. आला तर सारं गाव पाहीन."

आणि टँकर आला! शाळेच्या गल्लीत टँकर म्हटल्यावर बायका-पोरं दारात जमली. ठमाबाई पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. "काहो चैतूभाऊ, खाण सुरू झाली तवापासून या गल्लीत पाण्याचा थेंब नाई पडला. आज कशी आठवण आली?"

"आता साहेबाचा फोन आला नं बाई, लवकर मारा म्हणे," चैतूभाऊ म्हणाले. मॅडमचे सहायक धोतराजवळच उभे होते. त्यांनी शब्दन् शब्द ऐकला.

सहायक मांडवात परतले, तेव्हा मॅडमनी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मॅनेजरांनी घाम पुसला. दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले गेले. टँकर पोचायच्या आधीच शाळेच्या गल्लीतल्या तुकड्यावर काळी झाक चढली होती. मॅडमनी त्या तुकड्यावरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मॅनेजरांना दाखवलं आणि तिथेच सांगितलं: यंत्र शाळेच्या गच्चीवर जाईल, पाणी न मारता पुन्हा मोजलं जाईल, तोवर ट्रक गावाबाहेरच्या रस्त्यानं जातील. खाणीच्या वाढीचा विचार त्यानंतर. मग त्या खुशबूला म्हणाल्या, "आम्ही आकडा वाचला, आजूबाजूला पाहिलं नाही. तू पाहिलंस."

कांताबाई उठल्या. फलक आपल्या दारासमोर, म्हणून आपल्याला गावाची हवा कधी कळलीच नाही, हे त्यांनी माइकवरून कबूल केलं. ठमाबाईंनी तिन्ही पोरांना जवळ ओढलं. "मी उगाच बोलली रे तुमाले," एवढंच त्या म्हणाल्या आणि नाक ओढत राहिल्या.

पुन्हा मोजलेले आकडे आले. वाईट होते. शाळेच्या गच्चीवरून आले म्हणून खरे होते. ट्रक बाहेरच्या रस्त्यानंच राहिले.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर आईनं राजदीपला सांगितलं की आता भामरागडला जायचं नाही. खुशबूला वाटलं, तो उड्या मारील. पण त्यानं भोकाड पसरलं. मावशीनं नदीवर पोहायला शिकवीन म्हणून सांगितलं होतं, आता काऊन नाई जायचं? त्यानं पाय आपटले, अंगणभर लोळला, गळा काढून रडला. आईचं त्याला समजावणं मध्येच थांबलं. तिनं खुशबूकडे पाहिलं. दोघी ऐकत राहिल्या. इतका वेळ तो रडत होता, पण त्याला एकदाही खोकला आला नव्हता.