नवव्या लाखाची शीळ

पाटणच्या एसटी स्टँडसमोर हर्षदा पांचाळची वडापाची, म्हणजे सीटमागे भाडं घेऊन प्रवासी नेणारी, गाडी उभी होती आणि अकरा प्रवासी चिपळूणला जायचं सोडून तिच्या बॉनेटभोवती गोळा झाले होते. गाडीने आदल्या संध्याकाळी नऊ लाख किलोमीटर पुरे केले होते. एवढ्या अंतरात चंद्रावर जाऊन परत येता आलं असतं आणि उरलेल्यात भारतभर हिंडणंही झालं असतं. ही गाडी मात्र दहा वर्षं पाटण ते चिपळूण आणि चिपळूण ते पाटण, दिवसाला दोन फेऱ्या, एवढंच करत आली होती. कुंभार्ली घाटाची वळणं तिला आता चालकाशिवायही पाठ असावीत.

दर लाख किलोमीटर पुरे झाले की नारळ फोडायचा आणि गाडीतल्यांना पेढे द्यायचे, ही वडापवाल्यांची रीत. पांचाळांच्या घरात त्याआधी आणखी एक रीत होती. हर्षदाचे वडील रंगामिस्त्री आपला लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर चालत्या इंजिनाला टेकवत, मूठ कानाखालच्या हाडाला लावत, डोळे मिटत आणि एकच शब्द बोलत: "खणखणीत." तो शब्द आल्याशिवाय नारळ फुटत नसे.

खरं तर या तपासणीची आता कुणालाच गरज राहिली नव्हती. गेल्या दहा वर्षांत गाड्या बिघडायच्याच थांबल्या होत्या. त्याला कारण भरणतेल. या तेलात डोळ्यांना न दिसणारे धातूचे कण असत. इंजिनात जिथे झीज होई तिथे ते जाऊन बसत आणि झिजलेली जागा पुन्हा भरून काढत. पण कण कुठे सोडायचे हे तेलाला कसं कळणार? त्यासाठी प्रत्येक गाडीत एक छोटी डबी बसवलेली असे. ती चोवीस तास इंजिनाचा आवाज ऐके, दुखणं कुठे आहे ते ओळखे आणि त्या भागाकडे तेल वळवी. कागदोपत्री तिचं नाव ध्वनिपारखी असं होतं. लोक तिला नुसतं 'मिस्त्री' म्हणत.

आणि हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. डबीला ऐकायला शिकवलं होतं ते रंगामिस्त्रींनीच. बारा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीने त्यांना बोलावून नेलं आणि अकरा महिने एका काचेच्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन आणि समोर दोन बटणं, हिरवं आणि लाल. हजारो इंजिनांचे आवाज एकामागून एक येत आणि मिस्त्री बटण दाबून सांगत, ही निरोगी, ही आजारी. त्यांच्या एकेका बोटातून डबी शिकत गेली. आज देशभरातल्या बेचाळीस लाख गाड्यांत पाटणच्या रंगामिस्त्रींचा कान बसलेला होता. त्यापायी जिल्ह्यातली गॅरेजं एकापाठोपाठ एक बंद पडली, त्यांचं स्वतःचंसुद्धा. पण म्हाताऱ्याने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. आपला कान आपल्यामागे राहणार, याचंच त्यांना अप्रूप होतं.

"आप्पा, आटपा की. लोक खोळंबल्यात," हर्षदा चालकाच्या जागेवरून म्हणाली.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला. चालकासमोरच्या पडद्यावर डबीने आधीच लिहून टाकलं होतं: प्रकृती उत्तम. मिस्त्रींनी डोळे मिटले. खालचा भरदार ठेका हाडातून आत आला, अगदी दहा वर्षांपूर्वीसारखा. "खणखणीत," ते म्हणाले.

कुणीतरी नारळ उचलला. तेवढ्यात हर्षदा खाली उतरली आणि वडिलांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "मग ही शीळ कसली?"

"कसली शीळ?"

"बारीक हाय. कानाशी डास आल्यागत. महिनाभर येतीय. डबी उत्तम म्हणती म्हणून मी काय बोलले न्हाई. तुमच्याच कानावर घालीन म्हणलं, नवव्या लाखाला."

मिस्त्रींनी पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावला. ते बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. ऐकू काहीच येत नव्हतं. आपल्याला ते का ऐकू येत नाही हे त्या सबंध गर्दीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

कंपनीतल्या पहिल्याच दिवशी त्यांचा कान तपासला होता. वैदेही निमकर नावाची तरुण संशोधक काचेपलीकडे बसून एकेक सूर सोडत होती. ऐकू आला की मिस्त्रींनी हात वर करायचा. सुरुवातीचे सूर आले. मग सूर चढत गेले आणि एका टप्प्यानंतर हेडफोनात नुसती शांतता राहिली. तीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारून मारून वरचे सूर ऐकण्याची कानाची ताकद केव्हाच गेली होती. गॅरेजात त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. ज्याच्या कानाची तालुक्यात ख्याती, त्याने बहिरेपण सांगायचं कुणाला? काचेतून त्यांना वैदेहीचं मनगट दिसत होतं. बटण दाबताना ते किंचित हले. मनगट हललं की मिस्त्री हात वर करत. "कान पंचविशीतल्या पोरासारखा आहे, मिस्त्रीकाका," असं ती हसून म्हणाली होती. मिस्त्रीही हसले होते. गाडीचं सगळं दुखणं खालच्या आवाजात बोलतं, वरच्या शिट्यांचं काय एवढं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

"इंजिन बंद कर," मिस्त्री म्हणाले.

"आप्पा?"

"बंद कर म्हणतो ना. पण त्याआधी आवाज कुठनं येतोय, बोट लावून दाव."

हर्षदाने बोट लावलं ते इंजिनाच्या बगलेला असलेल्या एका छोट्या पंपावर. ब्रेकला जोर पुरवणारा तो पंप. तो चालला की घाटात पायाच्या नुसत्या इशाऱ्यावर गाडी थांबते. तो अडकला तर दोन्ही पायांनी रेटलं तरी ब्रेक लागता लागत नाही.

इंजिन बंद झालं. प्रवासी कुरकुरू लागले. मिस्त्रींनी कितीतरी वर्षांनी पाने हातात घेतले आणि पंप खोलला. आतलं बेअरिंग हातावर घेतलं. गोळ्या जळून निळ्या पडल्या होत्या आणि कडी भाकरीच्या कडेसारखी उलली होती. मग त्यांनी बॅटरीच्या उजेडात इंजिन बाहेरून, आतून जमेल तेवढं बघितलं. बाकी सगळं कालच कारखान्यातून आल्यासारखं लखलखीत होतं. नऊ लाख किलोमीटर भरणतेलाने प्रत्येक भागाची काळजी वाहिली होती. या एका जागेकडे ते एकदाही फिरकलं नव्हतं.

पंप तसाच उघडा टाकून मिस्त्री बाजूला गेले आणि त्यांनी पुण्याला फोन लावला. वैदेही निमकर आता त्या विभागाची प्रमुख होती, पण मिस्त्रींचा फोन ती स्वतः घेत असे.

"मॅडम, ज्या इंजिनात नुसती बारीक शीळ असंल, बाकी काय दुखणं नसंल, त्याला मी कुठलं बटण दाबलं होतं?"

"थांबा, बघते." काही क्षण गेले. "हिरवं. प्रत्येक वेळी हिरवंच. का हो?"

"मला ती ऐकूच येत नव्हती."

 मिस्त्रींनी मग मनगटाची गोष्ट सांगितली, काहीही न लपवता. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं होतं की ती ओरडेल. ती ओरडली नाही, तेच जास्त जड गेलं.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "डबीला शीळ ऐकू येते. तिचा कान तुमच्या-माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. पण शीळ असली की तुम्ही हिरवं दाबत होतात. त्यामुळे शीळ म्हणजे निरोगीपणाची खूण, असं ती शिकली. पंप जितका जास्त ओरडत असेल, तितकं तिला वाटत असेल की गाडी ठणठणीत आहे."

"म्हंजी तेल तिकडं..."

"कधीच सोडलं नसेल. आणि पहिल्या वर्षीच्या सगळ्या गाड्यांचे पंप याच सुमारास झिजून आलेले असणार. मी सूचना काढते. सगळ्या गाड्या थांबवायला लागतील. पण मालक विचारतील की डबी उत्तम म्हणतेय तर थांबवायची का? मला कारण द्यावं लागेल. तुमचं नाव घ्यावं लागेल."

"घ्या."

"अजून एक आहे." ती अडखळली. "तुमचा कान आम्ही गाड्यांपुरता ठेवला नाही. त्याच्यावरूनच पुढची यंत्रं शिकवली. धरणावरची जनित्रं, इमारतींतल्या लिफ्टा, दवाखान्यातली प्राणवायूची यंत्रं. शिकलेला कान तयार होता, तर पुन्हा नव्याने कशाला शिकवायचं, असं वाटलं आम्हाला."

मिस्त्री परत आले तेव्हा गाडीपाशी प्रवासी नव्हते. मागे सर्जेराव शेलार या दुसऱ्या वडापवाल्याची गाडी लागली होती आणि अकराच्या अकरा जण तिच्यात जाऊन बसले होते. पोफळीच्या शेवंताबाई पहिलटकरीण लेकीला घेऊन पुढच्या बाकावर बसल्या होत्या. सर्जेरावने इंजिन चालू केलं.

हर्षदाने वडिलांचा दंड पकडला. "आप्पा, ही बी तशीच वाजतीय."

मिस्त्री गाडीच्या आडवे जाऊन उभे राहिले.

"आता काय मिस्त्री!" सर्जेराव वैतागला. "पोरीची गाडी खोलून बसला, आता माझी खोलता काय? हे बघा, प्रकृती उत्तम. खुद्द मिस्त्री सांगतोय." त्याने पडद्यावर टिचकी मारली.

"सर्जेराव, त्यो मिस्त्री म्हंजी मीच," रंगामिस्त्री म्हणाले. आवाज एवढा चढला होता की समोरच्या चहावाल्यानेही मान वर केली. "आन मला ऐकू येत न्हाई. बारा वर्षामागंच येत नव्हतं. मी लपवलं. तुझ्या गाडीचा ब्रेकचा पंप बोंबलतोय आन माझा कान त्याला बरं म्हणतोय. ह्या दोन जिवाच्या पोरीला घेऊन घाटात उतरू नकोस."

 शेवंताबाईंनी आधी लेकीला उतरवलं, मग त्या स्वतः उतरल्या. सर्जेरावने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. बाकीचेही एकेक करून खाली आले. मिस्त्रींकडे कुणी बघत नव्हतं, आणि चाळीस वर्षांत त्या रस्त्यावर असं प्रथमच घडत होतं. लाज त्यांना सोसवत नव्हती, पण आता ती झाकायची खटपट तरी उरली नव्हती.

लोकांना ऐकू येत नव्हतं असं नाही. शेवंताबाईंची लेक हलकेच म्हणालीसुद्धा, "मला वाटलं, नव्या गाड्या अशाच वाजतात." ज्यांचे कान शाबूत होते त्यांनी ऐकायचं सोडून दिलं होतं, कारण त्यांच्या वतीने ऐकणारं कुणीतरी होतं.

"हर्षदा," मिस्त्री म्हणाले, "रस्त्याकडं तोंड करून हुभी ऱ्हा. डोळे मीट. ती शीळ ऐकू आली की हात वर कर. मी गाड्यांचे नंबर लिहितो. मॅडमला कळवायचं हाय."

तिने डोळे मिटले. वहीचं पान मांडीवर घेऊन मिस्त्री स्टँडच्या चौथऱ्यावर बसले. कराडकडून एक पांढरी गाडी आली. हात वर गेला. दुधाचा टेम्पो आला. हात खालीच राहिला. शाळेची गाडी आली आणि हर्षदाचा हात वर गेला, तशी शेवंताबाई पदर खोचून आपण होऊन रस्त्यात उतरल्या आणि त्यांनी ती अडवली. मग सर्जेरावही पुढे झाला. एकेक गाडी कडेला लागू लागली, इंजिनं बंद होऊ लागली. मिस्त्री लिहीत होते. आपल्याला जे कधीच ऐकू आलं नाही ते लेकीच्या हातावर त्यांना प्रथमच दिसत होतं.

थोड्या वेळाने रस्ता रिकामा झाला. एकही इंजिन चालू नव्हतं. मिस्त्रींनी पेन्सिल खाली ठेवली आणि मान वर केली.

हर्षदाचा हात वरच होता.

"गाडी न्हाई गं कुठली," ते म्हणाले.

"ते न्हाई, आप्पा. ऐका." हर्षदाने डोळे उघडले नव्हते, पण तिची मान हळूहळू वळत गेली. स्टँडच्या मागे ग्रामीण रुग्णालय होतं; तिथल्या उघड्या खिडक्यांकडे तिचं तोंड झालं आणि थांबलं. दर्शनी भिंतीवर हिरवा पडदा झळकत होता आणि त्यावर तेच दोन शब्द होते: प्रकृती उत्तम.

मिस्त्री उठले. त्यांनी तिचा वर केलेला हात आपल्या हातात घेतला. "चल. तू फुडं हो. मला सांगत चल."

हर्षदाने डोळे उघडले आणि वडिलांकडे पाहिलं. "आप्पा, तिथं तर माणसं लावल्यात श्वासाच्या यंत्रांना. ती आपण थांबवायची कशी?"