गाळणीतलं पाणी

डिझेलची गाडी तीन कारणांनी अडते: तेल संपलं, हवा शिरली, नाहीतर पाणी शिरलं. चौथं कारण सांगणारा ड्रायव्हर आपली चूक झाकत असतो, असं मी सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या माझ्या गॅरेजात येईल त्याला सुनावायचो. अकरा वर्षं मिस्त्रीकाम केलं होतं आणि तेवढीच वर्षं जीभही चालवली होती.

१९३९च्या मे महिन्यात मानसिंग ड्रायव्हरचा निरोप आला. सुताचे गठ्ठे घेऊन निघालेली त्याची लॉरी वळसंगच्या पुढे, अक्कलकोटच्या रस्त्यावर सकाळपासून उभी होती. तीन मालक पाहिलेली जुनी गाडी. मी प्रवासी सर्व्हिस मोटारीने तिथे उतरलो तेव्हा दुपार कलली होती. रस्त्याकडेच्या लिंबाखाली मेंढरांचा कळप माना टाकून पडला होता आणि त्यांच्या मधोमध एक धनगर म्हातारी बसली होती.

"मायाक्का नाव हाय तिचं," मानसिंग हळूच म्हणाला. "जतकडनं आलीया. वाटंत नऊ मेंढरं तहानेनं मेली. वळसंगच्या हिरी बी आटल्या. ही ऱ्हायलेली बी आज रातीपतुर टिकायची न्हाईत."

म्हातारीने ते ऐकलं.

"मरनं कुनाला चुकलंय?" ती म्हणाली. "पर तोंडात थेंब न पडता गेली रं. त्येच लई लागतंय."

मला वाईट वाटलं. पण माझं काम गाडीचं. मी बॉनेट उघडलं.

टाकीत गज बुडवून पाहिला. दीड वीत डिझेल होतं. हँडल फिरवलं, इंजिनात दम होता. मग डिझेलच्या गाळणीच्या तळचा स्क्रू सैल केला. टाकी उंचावर, गाळणी खाली, म्हणजे डिझेल आपसूक उतरायला हवं होतं. उतरलं ते पाणी.

"भेसळीचं डिझेल कुठे भरलंस?" मी मानसिंगवर ओरडलो.

"सिद्धेश्वराची आन मिस्त्री, सोलापुरातच भरलं, डोळ्यांदेखत."

"देवाला गाळणीत घालू नकोस."

पाणी जड, ते तळाशी बसतं. काढून टाकलं की मागून डिझेल येतं. मी घमेलं लावलं. ते भरलं आणि मी ओतून देणार, तोच एक मेंढी धडपडत उठली. मागून सगळा कळप उठला. मी घमेलं खाली ठेवलं.

दुसरं भरलं. तिसरं भरलं. पाणी थंडगार होतं, डिझेलचा वासही नव्हता. सहाव्या घमेल्यानंतर मी टाकीत पुन्हा गज घातला. डिझेल दीड वीतच होतं. टाकी होती पंधरा गॅलनची. पंधराव्या घमेल्यानंतर मी मोजणं सोडून दिलं. मानसिंग हात जोडून उभा होता, आणि मी त्याची थट्टा केली नाही.

माझाही घसा सुकला होता. मी धारेखाली ओंजळ धरली.

"आदी मेंढरं, बाबा," मायाक्का म्हणाली. "मागनं आपून."

मी हात मागे घेतला. शेचाळीस मेंढरं प्याली आणि एकेक करून लिंबाखाली जाऊन उभी राहिली. धार चालूच होती. मी स्क्रूला पाना लावला.

"थांब की," ती म्हणाली. "अजून नऊ ऱ्हायली."

मी वळून पाहिलं. वळसंगपर्यंत रस्ता मोकळा होता.

ती घमेल्याशी उकिडवी बसली. घमेलं कलू नये म्हणून मी डाव्या हाताने काठ धरला होता.

"ये गं मोरे," तिने हाक मारली.

घमेल्यातलं पाणी हललं. बोटभर खाली गेलं.

"ये गं, तुटक्या कानाचे."

पुन्हा हललं.

माझ्या मनगटावर ऊन श्वास आला. मग एक खरखरीत जीभ, घामाचं मीठ चाटणारी. लिंबाखालची मेंढरं तीस पावलांवर होती.

हात काढून घ्यावासा वाटला. काढला नाही. भीती होतीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं. इतकं देवळातही कधी भरून आलं नव्हतं.

तिने नऊ हाका मारल्या.

नवव्या हाकेनंतर धार तुटली. घटकाभर काहीच आलं नाही. मग डिझेल आलं.

मी स्क्रू आवळला, नळीतली हवा काढली. मानसिंगने हँडलचा अर्धाच फेरा मारला आणि इंजिन सुरू झालं.

"आजी, तुम्हाला घोटभरही राहिलं नाही," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे की," मायाक्का म्हणाली. तिने घमेल्याच्या ओल्या तळाला बोट लावलं आणि ते डोळ्यांना टेकवलं. "आता जातील ती. पोटभर प्याली."

रात्री घरी बायकोने, रुद्राणीने, हात धुवायला ऊन पाणी दिलं आणि माझं डावं मनगट दिव्याजवळ धरलं. अकरा वर्षांच्या वंगणाने काळ्या पडलेल्या कातडीवर दोन बोटं रुंदीचा पट्टा लख्ख निघाला होता.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. हात कोपरापर्यंत तेलात घातला, तरी तेवढ्या जागी अजून वंगण धरत नाही.