उपडी पुंगळी

दूध-पावडरच्या कारखान्यात वजनकाटे तपासून तपासून चंद्रहासचा स्वभावही तसाच झाला होता. आमटीत मीठ जास्त झालंय म्हटलं, तर ‘किती जास्त?’ असं विचारणारा माणूस. परदेशातल्या रोटोटुना उपनगरातल्या घरी गाडी कायम बाहेर उभी असायची, कारण गॅरेजमध्ये त्याचं टेबल होतं आणि त्या टेबलावर तो लेकीच्या पिस्तुलासाठी काडतुसं भरायचा.

अनुया एकोणीस वर्षांची. नेटबॉल खेळताना तिचं मनगट दुखावलं होतं, आणि रविवारी क्लबमध्ये नेमबाजीच्या निवडीचा सामना होता. जड गोळीला माप जमवून दारू घातली की हाताला बसणारा धक्का मऊ होतो, म्हणून चंद्रहासनेच हट्टाने जड गोळ्या आणवल्या. पण जड गोळीची खोड अशी, की तिला दारू जास्त नाही, कमी लागते. ती काडतुसाच्या पितळी पुंगळीत खोल बसते, आतली जागा खाते, आणि दाब भराभर चढतो. माप चुकलं तर पिस्तूल हातातच फुटतं. हात अनुयाचा. या विचाराने गुरुवारपासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. काडतुसं भरायच्या पुस्तकातला दारूच्या मापाचा सगळ्यात खालचा आकडा त्याने निवडला, वहीत लिहिला, आणि खाली दोन रेघा मारल्या.

टेबल, दारूचं माप आणि पन्नास खळग्यांचा लाकडी ठोकळा पुकेकोहे गावच्या ग्लेनिसबाईंकडून आला होता. त्यांचे यजमान रसेल गेल्या वर्षी वारले. सामान गाडीत चढवताना बाई म्हणाल्या होत्या, “कोपऱ्यातला शेवटचा खळगा रसेल कधी भरायचा नाही. आमच्याकडे प्रत्येक डब्यात एकोणपन्नासच.”

“का बरं?”

“मी विचारलं नाही,” असं म्हणून त्या घरात निघून गेल्या होत्या. चंद्रहास वाटभर हसला होता.

शनिवारी सकाळी शेजारच्याचं गवत कापायचं यंत्र घरघरत होतं. चंद्रहासने गॅरेजचं दार अर्धं वर घेतलं आणि पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उपड्या लावल्या. ही त्याची जुनी शिस्त. पुंगळी उचलायची, मापाने दारू घालायची, सुलटी उभी करायची. उपडी म्हणजे रिकामी, सुलटी म्हणजे भरलेली. एकीत दोनदा दारू पडायची भीतीच नको. अनुयालाही त्याने दटावून शिकवलं होतं, उपडं काही दिसलं की हात लावायचा नाही, आधी बाबाला विचारायचं.

पन्नास भरून झाल्या. त्याने हात पुसले, टॉर्च घेतला आणि पाहिलं, तर कोपऱ्यातली पुंगळी उपडी.

राहिली असेल. त्याने ती भरली आणि चहा टाकायला आत गेला.

परत आला तेव्हा ती उपडीच होती. उचलून पाहिली. आत दारूचा कण नव्हता, लाकडावरही नव्हता. त्याने बोट फिरवून वास घेतला. नुसत्या लाकडाचा वास आला.

“अनू, टेबलाला हात लावलास?”

“नो वे, डॅड! मी आत्ता उठले.” ती दारात जॅंडल्स चपला घालून उभी होती, केस विस्कटलेले. “इज इट डन? फिफ्टी?”

“होतंय.”

त्याने तिसऱ्यांदा माप घातलं आणि खुर्ची ओढून समोर बसला. पाच मिनिटं. दहा. पुंगळी सुलटी, आत दारूचा करडा थर. बाहेर यंत्र अचानक बंद पडलं आणि त्याने मान वळवली. तेवढंच.

पुंगळी उपडी होती.

आता मात्र तो खरोखर घाबरला. भुताला नव्हे, हिशेबाला. तीन मापं दारू गेली कुठे? दुसऱ्या एखाद्या पुंगळीत पडली असेल तर? त्याने एकोणपन्नासही पुंगळ्या रित्या केल्या आणि एकेकीतली दारू काट्यावर तोलली. सगळी बरोबर. मग मापातली उरलेली तोलली. तीन मापं कमी.

“उद्या जुनीच हलकी गोळी वापर,” तो अनुयाला म्हणाला.

“डॅड, माझं मनगट! यू प्रॉमिस्ड.” तिचे डोळे भरून आले. “मी महिनाभर वाट बघतेय.”

सामन्याला अठ्ठेचाळीस लागतात. त्याने एकोणपन्नास पुन्हा भरल्या, एकेक तोलून. गोळ्या बसवल्या, पन्नास खणांच्या डब्यात लावल्या. कोपरा रिकामा ठेवला. तो रिकामा आहे हे त्याने बोट घालून पाहिलं, आणि डबा तिजोरीत कुलपात ठेवला.

रविवारी तो तिच्या मागे कुंपणाला धरून उभा होता. प्रत्येक आवाज तो मोजत होता. अठ्ठेचाळीस आवाज, सगळे एकसारखे. शेवटचा झाला तेव्हा त्याला रडूच आलं. अनुयाची निवड झाली.

घरी आल्यावर तिने डबा टेबलावर ठेवला.

“स्वीट ॲज, डॅड, एकदम मस्त. मनगट अजिबात दुखलं नाही. दोन उरल्या.”

“एक.”

“दोन. ती कोपऱ्यातली आधी घेणार होते मी, लिटरली हातात घेतली होती. पण ती उलटी ठेवलेली होती ना, टोक खाली. तू सांगितलंयस म्हणून परत ठेवली.”

ती आंघोळीला गेली. चंद्रहासने डबा उघडला.

एक काडतूस जागेवर, सुलटं. दुसरं कोपऱ्यात, उपडं.

पहिलं त्याने तोललं. बरोबर. मग दुसरं काट्यावर उभं केलं.

दोन मापं जास्त. एका काडतुसात तीन मापं दारू. या गोळीखाली तेवढ्याला जागाच नसते.

आकडा टिपून घ्यायला तो वहीकडे वळला. पेन्सिल हातातून निसटली, ती उचलून तो पुन्हा काट्याकडे वळला.

काडतूस गोळीच्या गोल टोकावर उभं होतं, कशाचाही आधार नसताना. काट्यावरचा आकडा जराही हलत नव्हता.